दुसऱ्याची पट्टी

मित्रांनो, मी एक जुना रेडिएटर आहे. दोन आसनांच्या एका लाल स्पोर्ट्स गाडीच्या नाकामागे मी बसलेला असतो. इंजिनात तापलेले पाणी माझ्या बारीक नळ्यांतून फिरते, वाऱ्याने गार होते आणि परत जाते. हे काम मी आजवर इमानाने केले. तरीही माझी हकीकत सांगताना मला मान वर करवत नाही.

माझा जन्म या गाडीसाठी झालाच नव्हता. मी एका दूधगाडीचा. अकरा वर्षे पहाटे दारोदार थांबत हिंडलो. गाडी मोडीत निघाली तेव्हा एका मिस्त्रींनी मला उचलून आपल्या गॅरेजच्या फळीवर ठेवले. तिथे धूळ खात पडलो होतो, पण सुखी होतो.

ही लाल गाडी एका डॉक्टरांची. कारखान्यातून बाहेर पडली तशीच्या तशी त्यांनी जपली होती. एकदा तिचा मूळचा रेडिएटर गळू लागला. डॉक्टरांनी तो मिस्त्रींकडे दिला. "रविवारी जुन्या गाड्यांचा मेळावा आहे. तेवढं झालं पाहिजे हं," ते म्हणाले.

मिस्त्रींचा हात कसबी होता. पण त्या दिवशी गळती बुजवायला वितळलेल्या धातूचा डाख लावताना त्यांना कुणीतरी हाक मारली, ते बोलत उभे राहिले आणि डाखाची पेटती बत्ती जाळीवर तशीच रोखलेली राहिली. परत येऊन पाहतात तो सगळे सांधे वितळलेले, जाळी वाकून बसलेली. त्यांच्या कपाळाला घाम फुटला. रविवार तोंडावर आला होता. मग त्यांची नजर माझ्यावर पडली.

त्यांनी त्या मेलेल्या रेडिएटरवरची कारखान्याची पितळी पट्टी काढली. तिच्यावर क्रमांक होता, महिना आणि साल होते. ती माझ्या कपाळावर बसवली. गाडीला बोल्टने जखडण्यासाठी माझ्या बाजूला कान असतो, त्याला नको तिथे भोक होते, ते डाखाने बुजवले. नवे भोक पाडले आणि वरून काळा रंग फासला. मूळचा रेडिएटर त्याच आठवड्यात भंगारात गेला.

डॉक्टर आले. वाकून पट्टी वाचली आणि मिस्त्रींच्या पाठीवर थाप मारली. "काय हात आहे तुमचा! आहे तसा परत दिलात."

मिस्त्री हसले नाहीत. मीही आतून उकळत होतो.

त्यानंतर बावीस वर्षे माझे कौतुक होत राहिले. प्रत्येक मेळाव्यात डॉक्टर बॉनेट उघडत आणि सांगत, "टोपी, पंखा, रेडिएटर, सगळं जन्मापासूनचं!" लोक वाकून पाहत. त्यांचा प्रत्येक शब्द मला डागण्या दिल्यासारखा लागे. मित्रांनो, दुसऱ्याच्या नावावरची शाबासकी फार जड असते. मिस्त्री दर महिन्याला माझे पाणी बघायला येत, पण पट्टीकडे कधी पाहत नसत.

गेल्या वर्षी डॉक्टर वारले. गाडीची नोंद मूळ रूपात जपलेल्या गाड्यांच्या यादीत व्हावी, म्हणून त्यांनी अर्ज भरून ठेवला होता. त्यांच्या मुलीने तो पाठवला. एका सकाळी तपासनीस बाई आल्या. मुलीबरोबर मिस्त्रीही मदतीला उभे होते.

बाईंनी छोटा आरसा आणि बॅटरी काढली. टोपीवरचा आकडा वाचला. पंख्याची पाती मोजली. नळ्यांचे पट्टे पाहिले. "हे सगळं मूळचं आहे," त्या म्हणाल्या. मग त्या माझ्यापाशी आल्या. माझ्या जाळीच्या ओळी त्यांनी दोनदा मोजल्या. कानावरून नख फिरवले. रंगाचा पोपडा निघाला आणि खालचा डाख चकाकला. मला वाटले, इथेच फुटून जावे.

"हा या गाडीचा नाही," बाई म्हणाल्या. "आणि पट्टी चुकून लागलेली नाही, लावलेली आहे. अर्जावर सही तुमच्या वडिलांची. मला फसवणूक असंच लिहावं लागेल."

"बाबा?" मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो, बाबा फार्मसीत सुटे पैसे जास्त आले तर परत द्यायला जायचे."

मिस्त्रींच्या हातातला पाना खाली पडला.

"बाई, त्यांचं नाव खोडा," ते म्हणाले. "माझं लिहा. मूळचा माझ्या हातून जळला. हा मी बसवला. डॉक्टरसाहेबांना काही माहीत नव्हतं."

मुलगी त्यांच्याकडे वळली. "काका, सांगितलं असतं तर बाबा ओरडले असते का हो तुम्हाला?"

"नसते ओरडले, ताई. म्हणूनच तर सांगवेना."

बाईंनी तसे लिहिले. गाडी यादीत गेली नाही, पण डॉक्टरांचे नाव स्वच्छ राहिले. मुलीच्या सांगण्यावरून मिस्त्रींनी पट्टी उतरवली. त्यांच्या हातून स्क्रू तीनदा निसटला. मुलीने पट्टी मुठीत घट्ट धरली आणि ती घरात गेली.

तीन महिने बॉनेट उघडले नाही. माझ्यातले पाणी कमी झाले, तळाशी गंज धरू लागला. शेवटी तिने स्वतःच मिस्त्रींना बोलावले. ते दारातच घुटमळले. ती म्हणाली, "या. पण हात लावण्याआधी काय करणार ते सांगायचं."

"आधी जुनं पाणी काढतो," मिस्त्री हळू आवाजात म्हणाले. "मग आत धुतो. खालची नळी चिरली आहे, ती बदलावी लागेल."

"दाखवा."

त्यांनी नळी दाखवली. तिने वाकून पाहिली, बोटाने चीर चाचपली. "बदला," ती म्हणाली आणि काम संपेपर्यंत तिथेच उभी राहिली.

मित्रांनो, आमच्या जाळीतला चिखल वेळच्या वेळी धुवा, गरम असताना टोपी उघडू नका, पाणी आटू देऊ नका. आणि तुमच्या हातून कुणाची वस्तू मोडली, तर तिचे तुकडे घेऊन त्याच दिवशी त्याच्या दारात जा. पाय जड होतील, तरी जा.