दोन चौकटी

मधमाश्यांच्या पेट्या उघडायच्या नाहीत, फक्त पाण्याच्या वाट्या भरायच्या, एवढंच सांगून धाकटी जाऊ लेकीच्या बाळंतपणाला गेली, आणि तिसऱ्याच दिवशी मी तिच्या पहिल्या पेटीचं झाकण हातात धरून उभी होते. आत कडेच्या दोन चौकटी मधाने भरलेल्या, वर पांढऱ्या मेणाचं पक्कं झाकण. दुसरी पेटी उघडली, तिच्यातही दोन. आठही पेट्यांत तेच. माझ्या पोटात असं काही दुखलं की विचारू नका.

माझ्या पेट्या तीस. कुंपणाच्या अलीकडे माझ्या, पलीकडे तिच्या. फुलोरा एकच, माश्यांची जातही एकच. मी फुलोऱ्यात पाच वेळा मध काढते, चौकटी अगदी निपटून. मग फुलं सरली की साखरेची पोती आणायची, पाक करायचा, औषधं मारायची. तरी दरवर्षी निम्म्या पेट्या ओस पडतात आणि मी नव्या माश्या विकत आणते. दारात गाडी आली, त्यामुळे माझं बरं चाललंय असं सगळे म्हणतात. ती मात्र दोनदाच मध काढते, प्रत्येक पेटीत दोन चौकटी माश्यांसाठी ठेवते आणि दुपारी पंखा लावून ढाराढूर झोपते. गिऱ्हाईक आलं की सांगते, संपला, पुढच्या फुलोऱ्याला या. आणि गिऱ्हाईक मुकाट्याने येतंही. माझ्याशी एकेका बरणीसाठी घासाघीस करतात तेच लोक.

मी तिला एकदा म्हटलं होतं, अगं, त्या सोळा चौकटी काढल्यास तर तुझ्याही दारात गाडी येईल. ती हसून म्हणाली, मला कुठे जायचंय? खरं सांगते, तिच्याकडे गाडी असती तर मी एवढी जळले नसते. तिला ती नकोच होती, हेच मला सोसत नव्हतं.

तर सोळाच्या सोळा चौकटी मी घरी आणल्या. गरम सुरीने मेणाची झाकणं कापली, यंत्रात फिरवून मध काढला आणि रिकाम्या चौकटी जागच्या जागी लावून आले. आमच्या ह्यांनी विचारलं तेव्हा आपलाच मध म्हणून सांगितलं. त्या दिवशी मी दोन घास जास्तच जेवले, हेही लपवत नाही.

आठवड्याने तिच्या माश्या पेटीच्या दारातच घुटमळताना दिसल्या. बाहेर फूल नाही, आत खायला नाही. तेव्हा मात्र मी घाबरले आणि पाक करायला घेतला. पाक ठेवायचा तो दिवस मावळल्यावर, हे या धंद्यात पहिल्याच दिवशी शिकवतात. उजेडात ठेवला तर वासाने शेजारच्या माश्या लुटायला येतात. पण संध्याकाळी दीर कामावरून परततात, ते विचारतील, या भीतीने मी भर दुपारी तिच्या पेट्यांत पाकाच्या वाट्या ठेवल्या.

अर्ध्या तासात माझ्या माश्या तिच्या आठ पेट्यांवर तुटून पडल्या. मी ओली गोणपाटं टाकली, धूर केला, पाणी शिंपडलं. काही उपयोग झाला नाही. संध्याकाळपर्यंत पाच पेट्या संपल्या. खाली मेलेल्या माश्यांचा खच पडला होता, आणि त्यात तिच्या कोणत्या, माझ्या कोणत्या, ते कळत नव्हतं.

नातीचं नाक कुणावर गेलंय ते सांगतच ती परत आली. माझा चेहरा बघून थांबली. मी म्हटलं, तुझ्या पेट्या लुटल्या गं, माझ्या माश्यांनी. तेवढं तर खरंच होतं.

ती बाह्या सारून एका रिकाम्या पेटीपाशी बसली आणि कडेची चौकट बाहेर काढली. लुटणाऱ्या माश्या मेण कुरतडतात, त्यामुळे कडा फाटक्या राहतात. इथे कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ होत्या. तिने त्यांच्यावरून अंगठा फिरवला, मग पुन्हा एकदा फिरवला. आता ही ओरडेल, मग ओरडेल, म्हणून मी वाट बघत होते. ओरडली असती तर मलाही चार शब्द सुनावता आले असते.

"ताई," ती म्हणाली, "तुमच्या माश्या उपाशी होत्या का?"

तीस पेट्या, घरात साखरेची पोती. मला मान वर करता येईना.

"हो," मी म्हणाले.

"मग त्यांना काय बोलायचं. उपाशी जीव कुठे बघतो, कुणाचं आहे ते."

ती चौकट तिने माझ्या हातात दिली. पोळं बांधलेलं आहे, तुमच्या माश्यांना तेवढंच काम कमी, म्हणाली. मग वाचलेल्या तीन पेट्यांपैकी एकीचं झाकण उचलून ती आत वाकली आणि हलक्या आवाजात माश्यांशी काहीतरी बोलू लागली. तिने मला जा म्हटलं नव्हतं, थांबा असंही म्हटलं नव्हतं. ती रिकामी चौकट दोन्ही हातांनी धरून मी तिथेच उभी राहिले.