नत्थुजींची घोंगडी

नत्थुजींच्या हातावर औषधाची चाचणी घेतली, तेव्हा कातडीवर गांध उठली नाही. तरीही सिस्टर अमरीनने रीतीप्रमाणे विचारले, "काका, आधी कोणत्या औषधाचा त्रास झाला होता का?"

"नाही बा. मले काय होते!"

जखम पायाची होती. पोटरीपर्यंत सूज चढली होती. अमरीनने अँपिसिलिन शिरेतून सावकाश दिले. त्यानंतर थोडा वेळ रोग्याजवळ थांबायचे असते, हे तिला ठाऊक होते. पण पलीकडच्या खोलीतून हाक आली आणि ती गेली.

अकोटातल्या त्या लहानशा दवाखान्यात रोग्यावर निम्मी नजर नातेवाइकांचीच असे. सलाईनची बाटली संपत आली, की कोणीतरी ओरडायचेच. नत्थुजींच्या खाटेजवळचे स्टूल मात्र रिकामे होते. बायकोला, सुंदराबाईला, जाऊन वर्ष होत आले होते. कापसाचे भाव पडले, जिनिंग बंद झाली, तसा मुलगा श्याम कामासाठी सुरतेला गेला होता.

पाच-सात मिनिटांनी अमरीन परतली. एप्रिलच्या उकाड्यात नत्थुजींनी काळी घोंगडी गळ्यापर्यंत ओढून घेतली होती.

"थंडी वाजते का, काका?"

"पित्त उठलं, सिस्टरबाई. घोंगडीनं बसते." आवाज घोगरा झाला होता.

"मग हाक काहून नाही मारली?"

"तुमी कामात होत्या."

तिने घोंगडी बाजूला केली. छातीपोटावर लालभडक गांधी होत्या, ओठ सुजले होते, श्वासाला शिटीसारखा आवाज येत होता. नाडी बारीक आणि भरभर लागत होती.

शेजारच्या खाटेवरच्या रोग्याची बायको वच्छला म्हणाली, "अवं, पित्तच हाये ते. गेरू चोळा अन् घोंगडी राहू द्या."

"मावशी, नुसत्या पित्तानं घसा आवळत नाही. खाली ऑपरेशन चालू आहे; डॉक्टरांना सांगा, औषध उलटलं म्हणून. पळा!"

डॉक्टर येईपर्यंत थांबणे शक्य नव्हते. तिने ॲड्रेनलिनचे इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला दिले, उशी काढून पाय उंच केले, ऑक्सिजन लावला, सलाईन वेगाने सोडले. डॉक्टर धावत आले, तेव्हा शिटी कमी होऊ लागली होती.

"वेळेवर दिलंत," ते म्हणाले. "आता नजर हलवू नका. काही तासांनी पुन्हा उलटू शकतं."

अमरीनने कागदावर सारे नोंदवले. अँपिसिलिन दिल्यानंतर आपण खाटेजवळ नव्हतो, हेही. मग ती त्या रिकाम्या स्टुलावर बसली.

"असं आधी कधी झालं होतं, काका?"

"तेल्हाऱ्याच्या दवाखान्यात सुई घेतली होती तवा. तोंड असंच सुजलं होतं."

"मी विचारलं तेव्हा सांगितलं नाहीत?"

"डॉक्टरले श्यामची मायच सांगे सारं. मी भाएर बिडी पेत बसो."

तिने एका कार्डावर लाल शाईने न चालणाऱ्या औषधाचे नाव लिहिले. "हे कोणाजवळ देऊ?"

"कोणाजवळ देता?"

तिने कार्ड त्यांच्या खिशात ठेवले आणि वाक्य म्हणून दाखवले. "मले पेनिसिलिनच्या जातीची सुई चालत नाही." नत्थुजी अडखळले. तिने पुन्हा म्हणवून घेतले, चार वेळा.

संध्याकाळी दुसरी सिस्टर आली. तिला सगळे समजावून अमरीन निघाली. दारातून तिने मागे पाहिले. नत्थुजी रिकाम्या स्टुलाकडे तोंड करून तेच वाक्य म्हणत होते, आणि बरोबर आले की नाही ते कोणी सांगेल म्हणून दर वेळी थोडे थांबत होते.