बदकाच्या मानेचा साचा

मी बिस्किटं कापायचा पत्र्याचा साचा आहे. माझा आकार फुलाचाही नाही आणि चांदणीचाही नाही. मला पाहून कुणी बदक म्हणतं, कुणी फुटकी किटली म्हणतं. खरं सांगायचं तर मी एक मतदारसंघ आहे.

माझा जन्म बेल्डन गावात, लाइल ऑस्टरहाउस यांच्या गॅरेजमध्ये झाला. लाइलनी चाळीस वर्षं घरांना पन्हळी बसवल्या. एका सकाळी त्यांची भावजय विल्मा सरकारी नकाशा घेऊन आली. तिने गावात टपाल वाटून आयुष्य काढलं होतं.

"भावोजी, याचा साचा करून द्या. जत्रेत बिस्किटं वाटायचीत."

"वहिनी, ही बिस्किटं आहेत की शिक्षा?"

पण लाइलनी नकाशा फळीवर ताणून बसवला आणि रेघेवरून पत्र्याची पट्टी वळवत नेली. एका ठिकाणी मतदारसंघ जेमतेम एका रस्त्याएवढा रुंद होता. तिथे माझी मान काडीसारखी बारीक झाली. मानेपुढची चोच अर्ध्या बेल्डनवर मिटली होती.

हो, अर्ध्याच. रेघ मुख्य रस्त्याच्या मधोमध गेली होती. न्हाव्याचं दुकान एका आमदाराचं, समोरची बेकरी दुसऱ्याची. नदीवरचा पूल तीन वर्षं बंद होता. इकडचे आमदार म्हणायचे, पलीकडचं टोक माझ्याकडे नाही. पलीकडचे म्हणायचे, अलीकडचं माझ्याकडे नाही. शाळेची बस रोज अकरा मैलांचा वळसा घेत होती. विल्माला एवढंच हवं होतं की गाव पुन्हा एका रेघेच्या आत यावं.

पहिल्याच घाण्यात सगळ्या बिस्किटांच्या माना मोडल्या.

"भावोजी, मान जरा रुंद करा ना."

"नाही करणार. नकाशात आहे तशीच राहील. ती मी नाही आखली."

विल्मा दोन दिवस रुसली. तिसऱ्या दिवशी मोडलेल्या बिस्किटाकडे बघता बघता तिला हसू फुटलं. "राहू दे तशीच," ती मला म्हणाली. तिच्याशी माझी खरी ओळख तेव्हा झाली.

काउंटीच्या जत्रेत तिने आम्हाला आधी पाककलेच्या स्पर्धेत नेलं. बशीत सहा अखंड बिस्किटं हवीत, असा तिथला नियम. आमच्याकडे बारा तुकडे होते. परीक्षकबाईंनी एक चाखलं, "चव छान आहे" म्हणून कौतुक केलं आणि आम्हाला बाद केलं.

मग विल्माने अ‍ॅपल-पाय विकणाऱ्या तंबूशेजारी टेबल मांडलं. एका बाजूला सह्यांचे कागद होते. मतदारसंघांच्या रेघा आमदारांनी नाही, नागरिकांच्या समितीने आखाव्यात, अशी मागणी त्यांवर होती. तिच्यावर राज्यात मतदान घ्यायचं तर जत्रा संपेपर्यंत आमच्या काउंटीतून चार हजार सह्या हव्या होत्या. दुसऱ्या बाजूला पीठ लाटून ठेवलेलं, त्यात सव्वीस मनुके आणि चोवीस अक्रोडाचे तुकडे खोचलेले.

"सांगा, जास्त कोण?" ती विचारायची.

"मनुके."

मग ती सुरीने दहादहाचे पाच तुकडे पाडायची, पण रेघा अशा वाकड्यातिकड्या की एका तुकड्यात दहाच्या दहा मनुके जायचे. उरलेल्या चारांत प्रत्येकी चार मनुके आणि सहा अक्रोड.

"आता पाचांतले चार तुकडे अक्रोडांचे. एकही मनुका मी उचलला नाही, फक्त सुरी फिरवली. उद्या मनुक्यांच्या हाती सुरी गेली तर तेही हेच करतील."

शेतकरी टोप्या मागे सरकवून वाकून बघायचे. काही सह्या करायचे, काही नुसतेच मनुके खायचे.

शेवटच्या दिवशी दुपारी आमचे आमदार कर्टिस वँडरमोलन आले. जत्रेत पुढाऱ्याने प्रत्येक टेबलावरचं खायचं, ही आमच्याकडची रीत. न खाता पुढे गेलात तर गाव वर्षभर विसरत नाही.

"काय विल्माबाई, आज काय खिलवताय?"

"तुमचाच मतदारसंघ. एक अट आहे, अख्खा उचलायचा."

त्यांनी हसत शेपटीकडून उचलला. मान मोडली आणि अर्धं बेल्डन टेबलावर पडलं. दुसरा दोन्ही हातांनी उचलला, तोही मोडला.

"जरा कच्चं राहिलंय वाटतं," ते म्हणाले.

"भाजलंय अगदी बरोबर, साहेब," मागून लाइल बोलले. "साचाही बरोबर आहे. मी स्वतः तुमच्या नकाशावरून केलाय."

भोवतालची माणसं हसली. वँडरमोलनही हसले, जरा उशिरा. सही न करता ते चोच खात निघून गेले, पण मागे कागदांसमोर रांग लागली होती.

सह्या पुरल्या, पुढे मतदानात मागणी मंजूर झाली आणि नागरिकांच्या समितीने नवा नकाशा आखला. बेल्डन त्यात सबंध आलं. पुढच्या निवडणुकीत राज्यात जागा जवळपास मतांच्याच मापाने वाटल्या गेल्या. आमच्याकडे मात्र पुन्हा वँडरमोलनच जिंकले, अवघ्या दोनशे बारा मतांनी. पण या वेळी ते बेल्डनमध्ये दारोदार फिरले होते, विल्माच्या ओसरीवर दोनदा. तिने त्यांना मत दिलं नाही. पुलाचं काम सुरू झालं तेव्हा कामगारांना बिस्किटं मात्र तिनेच नेली, साधी गोल.

आता मी तिच्या ओट्यावरच्या खिळ्याला लटकून असतो. माझी मान थोडी गंजली आहे. लाइल मध्ये म्हणाले, "द्या वहिनी, नव्या नकाशासारखा वळवतो."

"नको. हा असाच हवा."

दर दहा वर्षांनी रेघा नव्याने आखल्या जातात. तेव्हा कुणीतरी माझ्याकडे मान वर करून नीट बघावं, एवढंच माझं मागणं आहे. कामाला लागण्याची मला हौस नाही. मी खिळ्यावर बरा आहे. इथून पूल दिसतो, आणि सकाळी त्यावरून जाणारी शाळेची बस.