खालून वर

काशिराम गेले त्याला तीन महिने होऊन गेले, तरी लोखंडी कपाटाच्या दारावरची त्यांची खडूची अक्षरं कुणी पुसली नव्हती. मालूबाई रोज कपाटावरून फडकं फिरवायच्या, पण त्या दोन शब्दांना वळसा घालून. वर ‘मुंबई’, खाली ‘कलकत्ता’.

दोन्ही शहरांतल्या एकेका मॅनेजमेंट कॉलेजात त्यांच्या मुलीला, निशाला, जागा मिळाली होती. एकाला होकार द्यायचा, दुसरी सोडायची, आणि तेही आज संध्याकाळी सहाच्या आत.

जानेवारीत मुलाखतीची बोलावणी आली तेव्हा काशिरामांनी तिला समोर बसवून विचारलं होतं, “यातलं कंचं चांगलं?” निशाने तासभर समजावलं. कंपन्या विकत घेणं, विकणं, त्यांचे शेअर बाजारात आणणं, हे काम करणाऱ्या मोठ्या बँका कलकत्त्याला जास्त येतात. तिथून थेट त्या कामाला लागता येतं. मुंबईचं कॉलेजही नावाजलेलं, पण तिथून बहुतेक जण मार्केटिंगला जातात. मात्र दर शनिवारी पनवेलला घरी येता येईल. काशिरामांनी सगळं ऐकून घेतलं, खिशातला खडू काढला, कपाटावर ही दोन नावं लिहिली आणि ड्यूटीवर निघून गेले.

जासईच्या कंटेनर यार्डात बावीस वर्षं काढलेला माणूस. कंटेनरवर खुणा करायला खडू खिशात असायचाच. पुढे त्या नावांबद्दल ते काही बोलले नाहीत, आणि फेब्रुवारीत छातीत कळ आल्याचं निमित्त झालं.

“वरती मुंबई लिवलंय तुज्या बापानं,” मालूबाई चार दिवस म्हणत होत्या. निशा मान हलवत होती. वडिलांचाच कौल म्हटल्यावर वाद कसला? दोन खोल्यांच्या या घरात आई कायमची एकटी पडणार नव्हती, आणि निशालाही या घराच्या वासापासून इतक्यात लांब जायचं नव्हतं. खुंटीवर अजून त्यांचं पिवळं जाकीट होतं. जवळून जाताना ती श्वास जरा लांबवायची.

एक गोष्ट मात्र तिला आत सलत होती. मागच्या वर्षी चिरनेरला चुलतबहिणीच्या हळदीत काशिराम मांडवभर सांगत फिरले होते, “माजी निशा बेसमेंट बँकर होनार!” बाळूकाकाने लगेच टोला हाणला, “बेसमेंटला? म्हंजे लॉकरच्या चाव्या हिच्याकडं? आपलं दागिनं संभाळ गो बाय!” मांडव हसला. निशाने मात्र वडिलांना बाजूला घेऊन म्हटलं होतं, “इन्व्हेस्टमेंट, बाबा. येत नसेल तर नका ना सांगू कुणाला.”

त्यानंतर ते कुणाला सांगत नव्हते. कुणी विचारलंच तर म्हणायचे, “शिकतेय. मोटं काईतरी हाय.”

चुकीचा का होईना, तो शब्द त्यांच्या तोंडून एकदा ऐकायला मिळावा म्हणून निशाने आता काय नसतं दिलं. मोबाइलमधले त्यांचे सगळे आवाजी निरोप तिने ऐकून काढले होते. ‘दूध आनू का’, ‘पोचलो’, ‘आयेला फोन दे’. तो शब्द कुठेच नव्हता.

साडेचार वाजले. लॅपटॉपवर मुंबईच्या कॉलेजचं पान उघडं होतं. मालूबाई चहा घेऊन आल्या, पण कप ठेवून गेल्या नाहीत. पदराशी चाळा करत उभ्याच राहिल्या.

“निशे, त्या किराणावाल्या कुमारशेटचं आठवतं का गो तुला? काय म्हनायचा तुज्या बापाला?”

निशाने मान वर केली नाही. “तुमची यादी उलटी उगवते, काशिरामभाऊ.”

“हां. साखर पयली सांगितली तरी कागदाच्या तळाला लिवायचे. मंग त्याच्यावर डाळ, त्याच्यावर पोहे. मी भांडायची. तर म्हनायचे, पयला कंटेनर जमिनीवरच ठेवतात, हवेत कोन ठेवतं?” त्या हसल्या आणि हसता हसता थांबल्या. “कपाटावरचंबी तसंच, मला पयल्या दिवसापासून ठावं हाय. तरी बोलली नाय मी. वाटलं, ऱ्हाशील जवल.”

आता निशाने मान वर केली.

“मलाही माहीत होतं, आई.”

“मंग?”

“मलाही जवळ राहायचं होतं.”

मालूबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तळव्याला आल्याचा वास होता. “मी काय इथं एकटी नाय. जासईला दीर हाय, जावा हायत. आन् तुला इथं ठेवून मी तुज्या बापाला काय तोंड दाखवू? त्यांनी खाली कलकत्ता लिवलं तवाच पिशवी भरली तुजी.”

निशाने मुंबईचं पान बंद केलं. कलकत्त्याच्या होकारावर बोट टेकवलं आणि दाबण्याआधी एकदा कपाटाकडे पाहिलं. तळाच्या नावातला ‘त्ता’ जरा फाटला होता. खडू तिथे तुटला असावा.

‘तुमचा होकार मिळाला’ अशी ओळ पडद्यावर आली.

फोन वाजला. बाळूकाका. त्यांना आज शेवटचा दिवस असल्याचं माहीत होतं. मालूबाईंनी उचलला. “हां भावोजी, कलकत्ता. नाय, नाय, रडत नाय... काय शिकनार म्हंजे? थांबा, तिलाच इचारते.” त्यांनी फोनवर हात धरला. “काय गो ते तुजं, मला नीट नाय येत. काय सांगू?”

निशाने चहाचा कप उचलला.

“बेसमेंट बँकिंग,” ती म्हणाली. “सगळ्यांना तसंच सांग.”