तुळशीतली काळी वाळू

हेमलताबाई जाऊन पंधरवडा उलटला, तरी शलाकाच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. मारतहळ्ळीच्या आपल्या घरून ती रोज जे. पी. नगरला वडिलांकडे यायची आणि आधीच स्वच्छ असलेलं घर घासत सुटायची. रत्नाकररावांना तिच्या त्या कोरड्या डोळ्यांची धास्तीच वाटे.

त्या दिवशी ती बाल्कनीतल्या तुळशीपाशी थबकली. कुंडीत वर काळी, चमचमती वाळू होती. केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूतला किरणोत्सर्ग मोजण्यात रत्नाकररावांची सगळी नोकरी सरली. एकदा त्यांनी तिथली मूठभर वाळू आणली, हेमलताबाईंना ती आवडली आणि त्यांनी ती तुळशीला घातली. शास्त्रज्ञाचं घर झालं तरी तुळस ती तुळसच.

"आईला रक्ताचा कॅन्सर या वाळूमुळेच झाला ना, बाबा?"

ही तर वडाची साल पिंपळाला! मूठभर वाळूनं माणूस मरत नाही, हे रत्नाकरराव जन्मभर लोकांना कानीकपाळी ओरडून सांगत आले होते. ते तरातरा आत गेले आणि किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र घेऊन आले. कुंडीपासून जरा लांब, माणूस उभा राहतो तिथं धरलं तर काटा जेमतेम हलला. स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यापाशी त्याहून जास्त. हे दाखवायला ते वळले, तर लेक खाली फरशीवर बसलेली.

"जानेवारीत आईचा फोन आला होता," ती म्हणाली. "स्वल्प थकवा आहे, बाबांना सांगू नकोस, घाबरतील, तू येतेस का डॉक्टरकडे? मी म्हटलं, प्रोजेक्टचं रिलीज होऊ दे. ती दोन महिने थांबली, बाबा. पण वाळूनं वीस वर्षं आतून पोखरलं असेल, तर माझ्या दोन महिन्यांनी काय फरक पडणार होता?"

थोडं आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले होते. रत्नाकररावांना एकट्यांनाच, बाहेर बोलावून.

त्यांनी यंत्र बंद केलं. या माणसानं उभ्या आयुष्यात एक आकडा खोटा लिहिला नव्हता.

"काही फरक पडला नसता," ते म्हणाले. "वाळूनंच झालं. मला कळत होतं, तरी मी ती घरात आणली."

शलाका ताडकन उठली. तुम्हीच मारलंत तिला, म्हणाली, तोंडाला येईल ते बोलली, आणि बोलता बोलता तिचा बांध फुटला. पाठीवर ठेवलेला त्यांचा हात तिनं झिडकारला. रडतेय तरी, असं म्हणून रत्नाकररावांनी मन घट्ट केलं. पण बायको गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं इतकं एकटं त्यांना आता वाटलं.