कबुतरामागची खिडकी

मी छऱ्याची बंदूक बोलतेय. दचकू नका, सध्या माझ्यात छरा नाही. आमच्या घराण्यातल्या मोठ्या बंदुका मला आपल्यात धरत नाहीत, कारण माझ्या पोटात दारू नसते, नुसती दाबलेली हवा असते. माणसंही मला अर्धं खेळणंच समजतात. म्हणून मला परवाना लागत नाही. नियम मात्र आहेत हं, चांगले तीन आहेत. विकणाऱ्याने घेणाऱ्याचं नाव आणि वय वहीत लिहावं, घेणाऱ्याने मला कुलपात ठेवावं आणि वस्तीत मला चालवू नये. आता हे कुणाला ठाऊक नाहीत, त्याला मी तरी काय करू?

माझा जन्म कारखान्यातला. नळी एका खोलीत घडली, लाकडी दस्ता दुसऱ्या खोलीत, आणि लग्न जमवावं तसं आम्हाला तिसऱ्या खोलीत एकत्र आणलं. तपासणीच्या बाईंनी मला चार वेळा उघडमीट करून पाहिलं, नियमांचा कागद माझ्याबरोबर खोक्यात घातला आणि झाकण लावलं.

तिथून मी आले खेळाच्या सामानाच्या दुकानात. एका बाजूला बॅटी, दुसऱ्या बाजूला उड्या मारायच्या दोऱ्या. दुकानदार भला माणूस होता, वहीसुद्धा ठेवायचा. पण नावाच्या रकान्यात तो लिहायचा ‘ओळखीचे’. पत्त्याच्या रकान्यात ‘ओळखीचे’. वयाच्या रकान्यातही ‘ओळखीचे’. त्या वहीप्रमाणे अख्ख्या गावाच्या बंदुका एकाच माणसाकडे होत्या.

मलाही एका ओळखीच्यांनीच नेलं. ते घड्याळजी. चाळीस वर्षं उजव्या डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. इतका नेटका की चहाचा कपसुद्धा बशीच्या बरोबर मध्यावर ठेवणार. अशा माणसाला बंदूक कशाला, असं तुम्ही म्हणाल. तर टोमॅटोसाठी. त्यांनी गच्चीवर कुंड्यांतून टोमॅटो लावले होते आणि ते पिकायच्या आत कबुतरं चोच मारून जायची. टोमॅटो मोजके आणि कबुतरं उदंड, त्यामुळे घड्याळजी जेरीस आले होते.

मला घरी आणल्यावर त्यांनी आधी माझा नेम तपासला. मी केसभर डावीकडे जाते, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी बारीक पेचकस घेऊन, श्वास रोखून, माझी माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा खुंट, सरळ केली. इतक्या प्रेमाने मला कुणी हात लावला नव्हता. मी मनातून सुखावले, खोटं कशाला बोलू? नियमांचा कागद मात्र त्यांनी न उघडता पेचकसाखाली अंथरला.

रविवारची सकाळ होती. कठड्यावर एक लठ्ठ कबुतर येऊन बसलं. घड्याळजींनी डावा डोळा मिटला, उजवा माझ्या माशीला लावला. आता इथेच सगळं चुकलं. चाळीस वर्षं ज्या डोळ्याने वीतभर अंतरावरचंच पाहिलं, त्याला एकदा वस्तू सापडली की तिच्यापलीकडचं दिसतच नाही. त्यांना कबुतराच्या मानेवरची चमकसुद्धा दिसली. कबुतरामागे गल्ली होती, गल्लीपलीकडे उघडी खिडकी होती आणि खिडकीत त्यांची सख्खी थोरली बहीण काजं शिवत बसली होती. ते काही त्यांना दिसलं नाही.

कबुतर उडालं आणि खिडकीतून किंकाळी आली.

घड्याळजींनी मला खोलीतल्या ट्रंकेमागे लोटलं आणि अनवाणी पळाले. बहिणीला, म्हणजे ताईंना, डोळ्याखाली हाडावर लागलं होतं. तीन टाके पडले. डॉक्टरांनी छरा वाटीत टाकला आणि म्हणाले, बोटभर वर लागला असता तर डोळा गेला असता. हे मला कसं कळलं? ताई एकट्या राहायच्या, म्हणून बऱ्या होईपर्यंत भावाने त्यांना आपल्याच घरी आणलं, आणि त्यांची कॉट नेमकी त्या ट्रंकेशेजारी टाकली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ताई सगळं सांगायच्या. भाऊ रोज दोनदा पट्टी बदलायचा आणि मान खाली घालून ऐकायचा.

“कुणी मारला असेल गं?” शेजारणी विचारायच्या.

“कोपऱ्यावरचा रंगवाला. दुसरं कोण? छऱ्याच्या बंदुकीने रिकामे डबे उडवत असतो दुकानामागे.”

घड्याळजी हो म्हणाले नाहीत, आणि नाहीही म्हणाले नाहीत. मला त्यांचा राग आला. आणि खरं सांगते, कीवही आली.

मग त्याच खोलीत वस्तीची सभा भरली. अशा बंदुकांना परवाना सक्तीचा करा, असा अर्ज वर पाठवायचं ठरलं. एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, “अहो, आहेत ते नियम तरी आधी पाळून पाहू या. वस्तीत बंदूक चालवायला आजही बंदीच आहे.”

“ते जुने नियम हो, बाई. ते कोण बघतं?”

“मग नवे कोण बघणार आहे?”

यावर सगळ्यांनी चहा मागवला. परवाना मागणारे काही मूर्ख नव्हते. परवान्यासाठी रांगेत उभं राहताना घड्याळजींनी निदान एकदा नियम वाचले असते. पण गंमत अशी की परवाना त्यांना पहिल्याच दिवशी मिळाला असता. त्यांच्याइतका सभ्य माणूस पंचक्रोशीत नव्हता. अर्ज लिहायचं कामही त्यांच्याचकडे आलं, अक्षर मोत्यासारखं म्हणून. मालकाच्या वर्तणुकीची कसून चौकशी व्हावी, हे वाक्य त्यांना लिहावं लागलं तेव्हा पेन दोनदा अडकलं.

चौथ्या दिवशी रंगवाला आला. हातात त्याची बंदूक, कापडात बांधलेली. सगळे त्याच्या दुकानावरून तोंड फिरवून जायला लागले होते.

“ताई, ही तुमच्याकडे ठेवा,” तो म्हणाला. “मी नाही मारला. पण तुमच्या मनात किंतू नको. अर्जावर माझीही सही घ्या, काका.”

घड्याळजींनी अर्ज पुढे केला नाही. ते उठले, ट्रंकेमागे वाकले आणि मला बाहेर काढलं.

“ताई, माझ्याच हातून झालं. कबुतर मारत होतो. मला खिडकी दिसलीच नाही.”

“चाळीस वर्षं समोर राहते मी,” ताई म्हणाल्या.

तिघं मला घेऊन पोलीस चौकीत गेले. हवालदार म्हणाले, “हिला परवाना लागत नाही. कशाला आणलीत?” ताईंनी वस्तीत बंदूक चालवण्याबद्दलचा नियम विचारला. हवालदारांनी कपाटातून पुस्तक काढलं, झटकलं, पानं चाळली आणि एका पानावर थांबले. “अरेच्चा, हे आहे की.” मग त्यांनी पुस्तक मिटलं. “पण ताई, सख्खा भाऊ ना तुमचा? घरचंच प्रकरण. समज देऊन सोडून देतो.”

“आणि मारणारे हे रंगवाले निघाले असते तर?”

हवालदार कान खाजवायला लागले.

“तेव्हा जे लिहिलं असतं तेच लिहा,” ताई म्हणाल्या. “मी सही करते. आणि जरा लवकर आटपा. घरी जाऊन त्याला माझी पट्टी बदलायची आहे.”

रंगवाला म्हणाला, “जाऊ द्या ना, ताई.” पण ताईंनी सही केली. खाली घड्याळजींनी केली, त्याच मोत्यासारख्या अक्षरात. बाहेर पडताना ताईंनी त्यांच्याच खांद्यावर हात ठेवला, कारण एका डोळ्यावर पट्टी असली की पायरीचा अंदाज येत नाही.

तेव्हापासून मी चौकीच्या कपाटात आहे. गळ्यात चिठ्ठी, दाराला कुलूप. म्हणजे तीनपैकी एक नियम आता अगदी काटेकोर पाळला जातो. परवाना हवा की नको, ते तुम्ही शहाणी माणसं ठरवालच. पण तुमच्या ट्रंकेमागे माझी एखादी बहीण असेल आणि तुमच्याही गच्चीसमोर कुणाची खिडकी असेल, तर तिला इकडे आणून सोडा. कपाटात जागा पुष्कळ आहे. आणि तुम्ही कुणाचे भाऊ, हे आता इथे कुणी विचारत नाही.