भोपळ्याचं पुरण

आमच्या सणसरात कालव्याचं पाणी आलं, पाण्यामागनं ऊस आला नि उसामागनं गुऱ्हाळं. दिवाळीपासनं शिमग्यापातुर गावाला काकवीचा वास असतोय. कुत्रीसुद्धा ओठ चाटत हिंडत्यात. अशा गावात मी गूळ खात न्हाय. गूळ न्हाय, काकवी न्हाय, रस न्हाय, साखर तर न्हाईच न्हाय. उसाचं म्हणून जे काय गोड असंल ते मला चालत न्हाय. गुऱ्हाळावरनं जायची पाळी आली की मी नाकाला पदर लावती. लोक म्हणत्यात, ठमाबाईचे नखरे लई. म्हणू द्या. लोकांच्या बापाचं काय खाल्लंय मी?

का सोडलं, ते तुमाला सांगती, कारण तुमी परगावच्या. पण सावळ्याच्या कानावर गेलं तर तुमची धडगत न्हाय, आधीच सांगून ठेवती.

सावळा म्हंजी सावळाराम, माझ्या धाकट्या दिराचा, रावजीचा पोरगा. त्याची आई बाळंतपणातच गेली. माझा नवरा त्याच्या आदल्या सालीच गेलेला, पोटी मूलबाळ न्हाय. रावजी बारामतीला कालव्याच्या हापिसात शिपाई. तो तान्ह्या पोराचं काय करणार, कपाळ? धडुत्यात गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवलं नि गेला नोकरीवर. घरात मी नि ते पोरगं. बास, दुसरं कोण न्हाय.

सावळा सहा वर्षांचा असंल, गावात पटकी आली. सकाळी माझ्या मागं मागं वांगी तोडत हिंडत हुता, दुपारी त्याचे डोळे खोल गेले नि हातपाय गार पडले. त्याला तसाच उचलला, मरीआईच्या दगडाम्होरं नेऊन ठेवला. म्हणलं, "आई, एवढं एक ठेव मला. मी उसाचं गोड सोडलं. हा नवरदेव हुईल, त्या येळंला त्याच्या हातानं उसाचा गोड घास माझ्या तोंडात पडंल, तवाच माझं तोंड गोड." पोरगं वाचलं. दुसऱ्या दिवशी भाकरी मागितली त्यानं.

आमच्याकडं ह्याला मुका नवस म्हणत्यात. ज्याच्यासाठी बोललाय त्याला सांगायचा न्हाय, सुचवायचा न्हाय, मागून तर घ्यायचाच न्हाय. त्यानं आपल्या मनानं केलं तर फिटला. मागून घेतला तर उलटतो, नि उलटला की दुखणं माघारी त्याच पोराच्या अंगावर येतं. हे मला माझ्या आईनं सांगितलेलं, तिला तिच्या सासूनं. खरं का खोटं, इचारायला कोण जातंय? पोरगं माझं हुतं.

आता त्याला गूळ द्यायला काय हरकत नव्हती. नवस माझा, त्याचा थोडाच? पण बेणं मुलखाचं हट्टी! "काकी, आधी तू खा, मंग मी." माझ्या तोंडात पहिला घास स्वतःच्या हातानं कोंबायचा, नि मगच आपलं तोंड उघडायचा. मंग सणावाराला करायचं काय? डोकं चालवलं. लाल भोपळा अख्खाच्या अख्खा चुलीच्या आरात पुरायचा. साल काळी पडली की आतला गर काढून फडक्यात टांगायचा, पाणी निथळू द्यायचं. मंग शिजलेल्या हरबऱ्याच्या डाळीत घालून आटवायचा, पार उलथनं उभं ऱ्हाईपातुर. मिठाचा कण, बडीशेपेची पूड. अशी पोळी व्हायची की इचारू नका.

समदंच काय साधलं न्हाय म्हणा. रताळ्याच्या करंज्या तेलात फुटल्या. गाजराचे लाडू वळंनात, शेवटी वाटीत घालून खाल्ले. एकदा धनगराकडनं पोळ्यातला मध आणला नि शहाणपणा करून आटवला, तर त्याला अशी जळकी चव आली की दोघंबी थुंकत बसलो. हुरड्याच्या दिवसांत जोंधळ्याची गोड ताटं कुटून रस काढला, तो वाटीभर निघाला नि हाताला ह्ये फोड! संक्रातीला मात्र खजूर कुटून तीळ वळायची, ते झकास व्हायचं. शेजारणी म्हणायच्या, "ठमाबाईकडं गोडाचं जेवायला गेलं की भाजी खाऊन माघारी यावं लागतं." हसायच्या भवान्या. सावळा बोटं चाटायचा, मला त्यातच समदं आलं.

एकदा त्यानं इचारलं, "काकी, तू गूळ का खात न्हाईस गं?"

मी म्हणलं, "आवडत न्हाय मला. जिभेला टोचतो."

"मंग मलाबी आवडत न्हाय," असं म्हणून त्यानं हातातला गुळाचा खडा म्हशीला चारला.

तो नऊ वर्षांचा झाला नि रावजीनं दुसरं लगीन केलं. बानूबाई बायको चांगली निघाली, उगाच नावं ठेवणार न्हाय मी. पण पोराला शाळंसाठी बारामतीला घेऊन गेली. न्यायचंच हुतं, त्यांचंच पोरगं. मी शिदोरीत भोपळ्याच्या पोळ्या बांधून दिल्या नि गाडी वळणाआड जाईपातुर हुभी ऱ्हायले. घरात आले तर चूल तीच, भांडी तीच, पण रांधायचं कुणासाठी? भोपळा एकटीला संपत न्हाय हो. कापला की उरतो नि उरला की नासतो. पुढं पुढं मी भोपळा लावायचाच सोडला. सणाला भाकरी नि कालवण खायची नि निजायची. लई एकटं वाटायचं. कंदी कंदी म्हशीला सावळ्याच्या गोष्टी सांगायची, ती बिचारी रवंथ करत ऐकून घ्यायची.

सावळा शिकला, नि कळंबच्या अंगाला नवा साखर कारखाना झाला त्यात त्याला कारकुनी मिळाली. दिवाळीला एक दिवस मला भेटायला यायचा. साखरंच्या राशींत बसणारा माणूस, पण माझ्यासाठी कंदी चिमूटभर साखर आणली न्हाय त्यानं. आणायचा खजूर. मला बरं वाटायचं, पोराच्या ध्यानात हाय म्हणायची. घासाची येळ यायचीय अजून, येईल तवा येईल.

निवडणुका झाल्या त्याच्या दुसऱ्या साली, माघात, त्याचं लगीन ठरलं. निरोप आला तसं माझ्या जिवाला चैन पडंना. गुळाची चव आठवून बघायची, तर आठवायची न्हाय. गोड असतो एवढं ठावं, पण कसा गोड? ह्या वयात असल्या खाण्याची हाव बाईला शोभती का, असं मीच मला इचारायची. पण खरं सांगू का, गुळाची हाव नव्हती ती. त्याच्या लग्नात त्याला माझी आठवण हुईल का, एवढंच बघायचं हुतं. आई म्हणून कुणाच्या तोंडात घास पडतो, ते बघायचं हुतं.

लग्नाच्या दिवशी मी लांबच बसले. इधवा बाई, कशाला मधे मधे करा? दुसऱ्या दिवशी रावजीच्या दारात गोंधळाचं पुरणाचं जेवण हुतं. मी रांधणाऱ्या बायकांत जाऊन बसले. कुशाबाई म्हणून एक आचारीण हुती, ती तणतणत हुती.

"पाटाभर पुरण वाटून हात मोडलं, नि वर ह्या नवरदेवाचं बघा, भोपळा भाजून द्या म्हणतोय! लग्नघरात भोपळा!"

बघितलं तर चुलाण्याच्या कडंला राखंत भोपळा पुरलेला. माझं काळीज सुपाएवढं झालं. पोराला एवढ्या माणसांत, एवढ्या गोडाधोडात माझ्या हातची चव आठवली! मी कुशाबाईला म्हणलं, "निथळू दे गं बाई, पाणी ऱ्हाईल त्यात." ती म्हणली, "तुमी गप बसा, म्हातारे."

पंगत बसली. नवरा-नवरी पाटावर. बायकांनी गलका केला तसं सावळ्यानं नाव घेऊन नवरीला घास भरवला. मंग कुणीतरी म्हणलं, "आता आईला!" त्यानं बानूबाईला भरवला. झालं, म्हणलं, उठा ठमाबाई, भांडी घासायला लागा.

तेवढ्यात त्याचा आवाज आला. "माझी काकी कुठं हाय? काकी, हिकडं ये. म्होरं ये."

मी गेले. कशी गेले ते माझं मला ठावं न्हाय. त्याच्यासमोर बसले. हळदीनं पिवळा झालेला, बाशिंगाचा वळ कपाळावर, दणकट गडी. त्यानं ताटातली पोळी मोडली, तुपात बुडवली. गुळाचं तांबूस पुरण कडंनं बाहेर आलेलं दिसत हुतं. घास उचलला नि माझ्या तोंडापाशी आणला. मी तोंड उघडलं. वास नाकात शिरला.

नि त्याचा हात थांबला.

"अरं, थांब थांब! ह्यात गूळ हाय की!" त्यानं घास माघारी ताटात टाकला नि हसायला लागला. "आत्ता चुकी झाली असती. काकीला उसाचं गोड आजाबात आवडत न्हाय. कुशाबाई, ते काकीचं निराळं ताट आणा!"

माझं तोंड उघडं ते उघडंच. एक शब्द बोलले असते, "असू दे रं, दे त्योच," तर काम झालं असतं. जिभंवर आला हुता शब्द. पण ते मागून घेणं झालं असतं. मला त्याचे ते पटकीतले डोळे दिसले, खोल गेलेले. मरीआईच्या दगडाम्होरं पडलेलं ते गार अंग दिसलं. मी तोंड मिटून घेतलं.

ताट आलं. भोपळा त्यानं स्वतःसाठी न्हाय, माझ्यासाठी भाजायला लावला हुता. सकाळपासनं चारदा चुलीपाशी येऊन बघून गेला म्हणं. त्यानं पोळी मोडली नि आपल्या हातानं घास माझ्या तोंडात घातला, लहानपणी कोंबायचा तसाच. पुरणात पाणी ऱ्हायलं हुतं नि कुशाबाई मीठ इसरली हुती.

"बरं झालंय का, काकी?"

"ग्वाड झालंय रं," मी म्हणलं.

"बघ, माझ्या ध्यानात हाय समदं."

"व्हय बाबा. ध्यानात हाय तुझ्या."

बानूबाई सगळ्यांस्नी सांगत हुती, "बघा, काकीचं किती जपतोय! आमचं असं कंदी जपलं न्हाय." मी रडले. बायकांस्नी वाटलं, आनंदानं रडती. थोडं आनंदानंबी हुतं, खोटं कशाला बोलू? पण पोराचं लगीन एकदाच हुतं. ती येळ गेली. आता गूळ माझ्या तोंडाला कायमचा बंद, नि बंद करणारा हात माझ्याच पोराचा, त्योबी मायेनं. रागवायचं तरी कुणावर?

दुसऱ्या दिवशी निघाले. सावळ्यानं गाडीत खजुराची पुडी नि एक मोठा लाल भोपळा ठेवला, म्हणला, "घरी गेलीस की पोळ्या कर." एकटी त्या एवढ्या भोपळ्याचं काय करणार, हे काय त्याला म्हणले न्हाय. तो नि सूनबाई दारात हुभी ऱ्हायली, गाडी वळणाआड जाईपातुर.

सणसरच्या शिवंत आलो तर आबाजीच्या गुऱ्हाळावर कढई उतरत हुती. वाफ पार रस्त्यावर आलेली. सवयीनं माझा हात पदराकडं गेला, नाकाला लावला. मंग मनात आलं, मी खायचं सोडलंय, वास घ्यायचं कुठं सोडलंय? गाडीवाल्याला म्हणलं, "बैलं जरा थांबव रं, पाणी पिऊ दे त्यास्नी." नि पदर खाली घेतला.